जुन्या अमेरिकन रेसगाडीचा फोटो वाचायचा कसा

फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘इंडियानापोलिस, १९११’. मी चाळीस डॉलर मोजले आणि फसलो.

फसलो म्हणजे फोटो खोटा निघाला असं नाही. फोटो अस्सल, कागद जुना, गाडीही खरीच. खोटं होतं ते फक्त साल. दुकानदारानं फसवलं असंही म्हणवत नाही, कारण त्या बिचाऱ्यानं पाठीवरचं वाचून दाखवलं आणि मी मान डोलावली. पस्तीस वर्षं सांगलीत गॅरेज चालवलं, पण खरेदीच्या वेळी गाडीकडे बघायचं सोडून अक्षराकडे बघत बसलो. लेक इंडियानापोलिसजवळ राहते, त्यामुळे वर्षाआड दोन-तीन महिने तिकडे मुक्काम असतो. रविवारी जुन्या बाजारात चक्कर होते. त्या चाळीस डॉलरच्या फोटोनंतर मी स्वतःसाठी बघायचा एक क्रम ठरवून घेतला. तोच इथं लिहितो. इंटरनेटवरच्या फोटोंनाही तो तसाच लागू पडतो, आणि तिथं चुकीच्या ओळींचं पीक जरा जास्तच आहे.

लागणारं सामान फार नाही. घड्याळजी वापरतात तसलं दहापटीचं भिंग, बाजूनं टाकता येईल असा टॉर्च आणि सुती हातमोजे. फोटो फोनवर असेल तर दोन बोटांनी मोठा करा, पण चित्र फुटायच्या आत थांबा. फुटलेल्या ठिपक्यांत माणसाला हवं ते दिसायला लागतं.

पाठीवरचं लिखाण सगळ्यात शेवटी वाचा. ते बहुधा पुढच्या पिढीतल्या कुणीतरी आठवणीवर लिहिलेलं असतं. आठवणीत प्रत्येक रेस इंडियानापोलिसची असते, प्रत्येक साल १९११ असतं आणि प्रत्येक ड्रायव्हर त्या काळचा गाजलेला बार्नी ओल्डफील्ड.

आधी जमीन

गाडी झाका. खरंच, अंगठा ठेवून झाका, आणि खालची जमीन बघा.

ओली, सपाट, लांबच लांब वाळू आणि मागे क्षितिज असेल तर फ्लोरिडातल्या ऑर्मंड-डेटोनाच्या किनाऱ्याचा विचार करा. तिथं बहुधा घड्याळाशी शर्यत चाले. जानेवारी १९०६ मध्ये फ्रेड मॅरियटनं वाफेवरची स्टॅन्ली गाडी ताशी १२७ मैलांवर, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या पुढे पळवली ती इथंच. पालथ्या होडीसारखी ती गाडी एकदा बघितली की पुन्हा चुकत नाही.

मातीचा गोल ट्रॅक आणि कडेला पांढरं लाकडी कठडं दिसलं तर तो मुळात घोड्यांच्या शर्यतीचा, जत्रेच्या मैदानाचा ट्रॅक. अशा जागा गावोगावी होत्या, त्यामुळे नुसत्या कठड्यावरून गाव ठरवू नका.

गावचा रस्ता, कडेला झाडं आणि लोक जवळजवळ चाकाखाली उभे असतील तर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या व्हँडरबिल्ट कपची शक्यता धरा. ही रेस १९०४ साली सुरू झाली. १९०६ पर्यंत गर्दी इतकी हाताबाहेर गेली की गाडीच्या धडकेत प्रेक्षक मेला, आणि १९०७ ला रेस झालीच नाही. १९०८ साली ती परतली तेव्हा मार्गाचा काही भाग खास मोटारींसाठी बांधलेल्या नव्या काँक्रीटच्या रस्त्यावरून होता. म्हणजे फोटोत काँक्रीट असेल तर १९०८ च्या मागे जाता येत नाही.

पायाखाली आडव्या फळ्यांच्या बारीक रेघा आणि समोरचा ट्रॅक भिंतीसारखा वर चढलेला दिसला तर तो लाकडी ट्रॅक. पहिला मोठा ट्रॅक १९१० साली लॉस एंजेलिसजवळ प्लाया डेल रे इथं झाला. बेव्हर्ली हिल्सचा १९२० ते १९२४ एवढाच चालला. ऊन-पावसात लाकूड किती टिकणार! ढलप्या उडून ड्रायव्हरच्या तोंडात घुसायच्या. आमच्याकडे सॉ मिलवाल्याला हे समजावून सांगायला नको.

आणि विटा असतील तर इंडियानापोलिस. पण तिथंही थोडं थांबा. ऑगस्ट १९०९ मध्ये हा अडीच मैलांचा ट्रॅक उघडला तेव्हा तो खडी-डांबराचा होता. पहिल्याच मोटार रेसमध्ये तो उखडला, ड्रायव्हर-मेकॅनिक-प्रेक्षक दगावले, आणि मालकांनी दोन-अडीच महिन्यांत बत्तीस लाख विटा बसवून घेतल्या. म्हणजे विटा दिसल्या की १९०९ च्या अखेरीपासून पुढचं साल.

माझ्या फोटोत विटा होत्या, म्हणजे जागा बरोबर. पण अंगठा काढायच्या आधी मी मागचं बघायला हवं होतं. मागे छपरावर छप्पर चढवलेला, देवळाच्या दीपमाळेसारखा निमुळता लाकडी मनोरा उभा होता. त्याला तिथं पॅगोडा म्हणतात. तो १९१३ साली उभा राहिला, १९२५ ला जळाला आणि पुढच्या वर्षी नवा बांधला. चाळीस डॉलरचं ‘१९११’ तिथंच निकालात निघालं. हे माझ्या अकरा वर्षांच्या नातीनं पकडलं. शाळेच्या सहलीत तिनं स्पीडवे, म्हणजे हाच ट्रॅक, बघितला होता. ती म्हणाली, “आबा, हा टॉवर कधी बांधला ते बघितलंत का?” नव्हतं बघितलं.

चाकं, म्हणजे आपला प्रांत

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. चेहऱ्यावरून ओळखताना माणूस चुकतो, चाक सहसा दगा देत नाही.

पहिलं, आरे लाकडी आहेत की तारेचे. जाड, बैलगाडीच्या नात्यातले लाकडी आरे अमेरिकन गाड्यांना सुरुवातीची बरीच वर्षं होते. १९१३ ला फ्रेंच पूझो गाड्या इंडियानापोलिसला आल्या आणि ज्यूल्स गू पहिला आला. त्यानंतर तारेच्या आऱ्यांची, मधला एकच नट हातोड्यानं ठोकून सोडवायची चाकं रेसमध्ये भराभर पसरली. लाकडी चाक म्हणजे जुनं आणि तारेचं म्हणजे अलीकडचं, असा अंदाज करायला हरकत नाही. मात्र तो अंदाजच. मधली तीन-चार वर्षं दोन्ही सोबत धावत होती.

दुसरं, टायरचा रंग. सुरुवातीचे टायर पांढरट, करडे असत. रबरात काजळी मिसळून काळा टायर करायची पद्धत १९१० नंतरच्या काही वर्षांत रुळली. पण धूळ बसली की काळा टायरही पांढरा दिसतो, म्हणून जमिनीला टेकलेला भाग नको, टायरची कड बघा.

तिसरं, साखळी. मागच्या चाकाच्या पुढे दातेरी चक्र आणि सायकलसारखी जाडजूड साखळी दिसली तर गाडी बहुतेक १९१२ च्या आधीची किंवा फार तर त्या सुमाराची. १९०८ चा व्हँडरबिल्ट कप जॉर्ज रॉबर्टसननं जिंकला ती लोकोमोबिल, म्हणजे लाडक्या नावानं ‘ओल्ड १६’, साखळीचीच होती. सोळा लिटरच्या आसपासचं इंजिन आणि सिलिंडर फक्त चार! अमेरिकन गाडीनं तो कप जिंकायची ती पहिली वेळ. ही गाडी आज मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे आणि तिला रंगरंगोटी करून नवी केलेली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्याकडे जुनी गाडी हाती लागली की लोक आधी रंग मारतात.

चौथं, पुढच्या चाकातला ब्रेकचा ड्रम. सुरुवातीच्या रेसगाड्यांना ब्रेक मागेच. जिमी मर्फीनं १९२१ ची फ्रेंच ग्राँ प्री अमेरिकन ड्यूसेनबर्ग गाडीवर जिंकली तेव्हा चारही चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते. अमेरिकन गाडीच्या पुढच्या चाकात ड्रम दिसला तर त्या सालाच्या आजूबाजूला या. ड्रम नाही दिसला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. गोल ट्रॅकवर ब्रेकचं काम कमीच, त्यामुळे पुढच्या ब्रेकचं ओझं नको म्हणणारे नंतरही बरेच होते.

आता एक गंमत. बऱ्याच फोटोंत चाकं पुढे झुकलेली, लंबगोल दिसतात. कुणी चित्र ताणलंय असं वाटतं. तसं नसतं. त्या काळच्या कॅमेऱ्यात पडद्याची एक अरुंद फट फिल्मच्या जागी असलेल्या काचेवरून सरकत जाई. चाकाचा खालचा भाग आधी टिपला जाई, वरचा थोडा नंतर, आणि तेवढ्यात गाडी पुढे सरकलेली असे. म्हणून चाक झुकलेलं दिसलं तर गाडी खरोखर पळत होती. चाक गोल असेल तर आरे बघा. पळत्या गाडीत वरचे आरे पुसट आणि जमिनीजवळचे स्पष्ट येतात, कारण जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेलाच असतो. वर-खाली सगळे आरे लख्ख दिसत असतील तर गाडी उभी आहे आणि साहेब फोटोसाठी पोज देतायत.

गाडीत किती माणसं

दोन असतील तर शेजारचा मेकॅनिक. ट्रकवरचा क्लीनर, आमच्या भागात ज्याला किन्नर म्हणतात, त्याचाच हा थोरला भाऊ. हातपंपानं पेट्रोलचा दाब टिकवायचा, तेल पंप करायचं, टायरवर नजर ठेवायची आणि मागून कोण येतंय ते ड्रायव्हरला सांगायचं. पट्टा नाही, डोक्यावर कापडी किंवा कातडी टोपी. निकालात नाव ड्रायव्हरचं, मरायच्या वेळी मात्र दोघं बरोबर.

इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची रेस ३० मे १९११ ला झाली. चाळीस गाड्या होत्या आणि त्यात एकटा बसलेला माणूस एकच, रे हॅरून. गाडी मार्मन ‘वास्प’, म्हणजे गांधीलमाशी, रंग पिवळा, नंबर ३२, शेपूट टोकदार. इतरांनी तक्रार केली की याच्याकडे मागचं बघणारा कोणी नाही, हा आम्हाला ठोकणार. हॅरून मुळात इंजिनिअर. त्यानं स्टेअरिंगच्या वर चार दांड्यांवर आरसा बसवला. पुढे त्यानंच सांगितलं, की विटांवर गाडी इतकी थरथरत होती की आरशात काही दिसतच नव्हतं! तरी तोच जिंकला, ६ तास ४२ मिनिटं ८ सेकंदांत, ताशी सरासरी ७४.६ मैल, म्हणजे १२० किलोमीटर. त्याचा हिशोब टायरचा होता. ताशी ७५ मैलांच्या फार वर गेलं की टायर झपाट्यानं संपतात, हे त्यानं आधीच ताडलं होतं. मधली काही चक्करं सायरस पॅच्की या जोडीदारानं चालवली, हे फोटोखाली सहसा लिहिलेलं नसतं.

पुढच्याच वर्षीपासून इंडियानापोलिसला मेकॅनिक सक्तीचा झाला, तो १९२२ पर्यंत. १९२३ ला सक्ती उठली आणि गाड्या एका माणसापुरत्या अरुंद झाल्या. १९३० ते १९३७ पुन्हा दोघं. या शेवटच्या काळातल्या गाड्यांचे टायर जाड, त्यावरून वेगळ्या काढता येतात.

माझ्या फोटोत दोघं होते. म्हणजे १९१३ ते १९२२. १९१७ आणि १९१८ ला महायुद्धामुळे रेस नव्हती, ती दोन वर्षं वजा.

बॉनेट मोजा

हे नियमांच्या पुस्तकातून येतं, म्हणून थोडक्यात. इंजिनाच्या आकाराची मर्यादा इंडियानापोलिसला वर्षागणिक उतरत गेली. १९११ ला जवळजवळ ९.८ लिटर, १९१३ ला ७.४, १९१५ ला ४.९, १९२० ला ३, १९२३ ला २ आणि १९२६ ला दीड लिटर. इंजिन आटलं तशी गाडीही आटली. फोटोवर पट्टी धरून बॉनेटची उंची पुढच्या चाकाच्या उंचीशी ताडून बघा. बॉनेट चाकाच्या डोक्यावर आडव्या पेटाऱ्यासारखं बसलं असेल तर जुना जमाना. चाकाच्या वर जेमतेम डोकावत असेल तर १९२० कडे या.

बॉनेटच नसेल तर? उघडं इंजिन, नुसती चासी, स्टेअरिंगच्या जागी दोन्ही हातांनी धरायची आडवी दांडी, अशी गाडी दिसली तर ती हेन्री फोर्डची ९९९ किंवा तिची जुळी बहीण ‘ॲरो’. चार सिलिंडर, एकोणीस लिटरच्या आसपास, मागे स्प्रिंगचे पाटे नाहीत. फोर्डला स्वतःला ती चालवायची हिंमत होईना, म्हणून सायकल रेसर बार्नी ओल्डफील्डला बोलावलं. त्यानं तोवर मोटार चालवली नव्हती. ऑक्टोबर १९०२ मध्ये डेट्रॉइटजवळ ग्रॉस पॉइंटला तो ९९९ वर जिंकला आणि जन्माचा ड्रायव्हर झाला. पुढच्या वर्षी जूनमध्ये इंडियानापोलिसच्याच जत्रेच्या मैदानावर त्यानं एक मैल ५९.६ सेकंदांत कापला. गोल ट्रॅकवर मैलाला मिनिटाच्या आत येणारा तो पहिला.

नंबर आणि चेहरा

नवखा माणूस इथून सुरुवात करतो, म्हणून मी हे मागे ठेवलं. नंबर दरवर्षी नव्यानं वाटले जात. ३२ दिसला म्हणून हॅरून होत नाही. आणि हॅरूनची ती गाडी जपून ठेवलेली असल्यानं पुढच्या कितीतरी समारंभांत तिचे फोटो निघालेत. शंका आली तर बघणाऱ्या लोकांच्या टोप्या आणि कोट बघा.

रंगावर तर विसंबूच नका. त्या काळच्या काचेच्या प्लेटला लाल रंग जवळजवळ दिसत नसे. लाल गाडी काळी येते, निळं आकाश पांढरं, पिवळाही काळपट. हल्ली कॉम्प्युटरनं रंगवलेले फोटो फिरतात, त्यातला रंग म्हणजे कॉम्प्युटरची मर्जी.

तोंडात सिगार असलेला माणूस ओल्डफील्ड असू शकतो. खडबडीत ट्रॅकवर दातावर दात आपटू नयेत म्हणून तो सिगार चावत असे. पण सिगार त्या काळी पानाच्या विड्याइतका सर्रास होता, तेव्हा जपून.

दोन माणसं गाडी ढकलतायत असा फोटो मिळाला तर भिंग नीट लावा. १९१२ ला इंडियानापोलिसला राल्फ डीपाल्मा मर्सिडीजवर २०० पैकी १९६ चक्करं पुढे होता. शेवटाजवळ इंजिन गेलं. तो आणि त्याचा मेकॅनिक रूपर्ट जेफकिन्स खाली उतरले आणि गाडी ढकलत आणली. जिंकला जो डॉसन, त्याचा फोटो कुणी मागत नाही. डीपाल्मा १९१५ ला जिंकला, तरी लोकांच्या लक्षात तो ढकलतानाच राहिलाय. रस्त्यात गाडी बंद पडून ज्यानं कधी ढकलली असेल त्याला हे पटेल.

काही चेहरे मोठ्या रेसच्या फोटोंत सापडणारच नाहीत. बाई स्टेअरिंगमागे दिसली तर जोन न्यूटन क्युनिओ आठवा. १९०९ ला न्यू ऑर्लिन्सला ती डीपाल्माच्या पाठोपाठ दुसरी आली, आणि त्यानंतर अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं बायकांना रेसमधून बाहेर काढलं. काळ्या ड्रायव्हरांनाही त्या संस्थेची दारं बंद होती. चार्ली विगिन्सचं इंडियानापोलिसमध्ये स्वतःचं गॅरेज होतं. स्वतः गाडी बांधायची आणि चालवायची. पण ५०० मैलांची रेस त्याच्यासाठी नव्हती. १९२४ पासून त्याच शहराच्या जत्रा-मैदानावर काळ्या ड्रायव्हरांची ‘गोल्ड अँड ग्लोरी’ रेस भरू लागली आणि विगिन्सनं ती चारदा जिंकली. मातीचा ट्रॅक, पांढरं कठडं आणि स्टेअरिंगमागे काळा माणूस असा फोटो ‘अनोळखी’ म्हणून पेटीच्या तळाशी पडलेला दिसला तर मी म्हणेन, मनोऱ्यासमोरचे दहा सोडा आणि तो उचला.

शेवटी पाठीवरचं वाचा. तिथं ‘अमुक सालचा राष्ट्रीय विजेता’ असं असेल तर लिहिणारा बराच नंतरचा आहे हे समजा. १९१६ च्या आधीची बहुतेक विजेतेपदं मागाहून, कागदावर गुण मोजून वाटलेली आहेत.

चूक असली तरी जुनं लिखाण खोडू नका. कोणी, कधी, काय समजत होतं हाही पुरावाच. मी नेहमी आम्ल नसलेल्या कागदाची चिठ्ठी वेगळी लिहून फोटोसोबत पाकिटात घालतो. सेलोटेप अजिबात नको. ती पिवळी पडते, मग फोटोही पिवळा पडतो.

माझ्या फोटोतला नंबर पाण्याच्या डागाखाली गेलाय. फक्त शेवटचा ४ दिसतो. तारेची चाकं, काळे टायर, दोन माणसं आणि चाकाच्या वर जेमतेम आलेलं बॉनेट. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘इंडियानापोलिस, बहुधा १९२० ते १९२२’. नात म्हणाली, “नुसतं ‘बहुधा’ नको, का ते पण लिहा.” मग खाली चाक, टायर, माणसं, बॉनेट आणि तिचा मनोरा अशा पाच ओळी लिहिल्या. मनोऱ्याच्या ओळीपुढे तिनं स्वतःची सही केली.